हांडव्याच्या कुकरमधला मॅग्नेटो

बडोद्याला मी राजवाडा बघायला गेले नव्हते. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन जुन्या टॉवेलांत गुंडाळलेला लुकासचा मॅग्डायनो होता (जुन्या मोटरसायकलला ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि दिव्यांचा डायनॅमो, एकत्र) आणि तो बरा झाल्याशिवाय पुण्याला परत यायचं नाही, एवढं ठरवून निघाले होते.

गाडी बीएसएची, बी-३१. ३४८ सीसी, एकच सिलिंडर, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. मूळची बंदुका बनवणारी ही बर्मिंगहॅमची कंपनी. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या, ही तिची खूण. माझी गाडी मी निफाडजवळच्या एका गोठ्यातून चार पोत्यांत भरून आणली. टाकी बुलेटची, कार्बोरेटर मिककार्ब, सीट नाना पेठेत शिवून घेतलेली. हळूहळू एकेक मूळचा भाग मिळवून ती जशी कारखान्यातून निघाली तशी करायची, हे माझं तेव्हाचं स्वप्न.

तिचा आजार असा: सकाळी थंड असताना दुसऱ्या किकला सुरू. दिवे घाट अर्धा चढला की आचके देऊन बंद. मस्तानी तलावाकडे बघत अर्धा तास बसायचं, की पुन्हा काही झालंच नाही अशी चालू. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा खोलला, व्हॉल्व्ह घासले, पैसे घेतले. शेवटी मॅग्नेटो उघडला आणि आर्मेचर, म्हणजे तारेचे वेढे असलेला आतला फिरणारा भाग, ओढताना त्याची स्लिप रिंग (करंट बाहेर नेणारं कडं) फोडली. आर्मेचर बाहेर काढण्याआधी सेफ्टी गॅपचा स्क्रू आणि अर्थचा ब्रश काढायचा असतो. एवढंच. वर मला म्हणतो, "मॅडम, मिस्टरांना सांगा, जुन्या गाड्यांचं असंच असतं." त्या रात्री मी जेवले नाही.

मॅग्नेटो बरे करणाऱ्या काकांचा बडोद्याचा पत्ता एका बुलेटवाल्या मित्राने दिला. रात्रीची गाडी, वरचा बर्थ, उशाला मॅग्नेटो. नर्मदा कधी ओलांडली कळलं नाही.

दांडिया बाजारातलं ते घर बाहेरून कुठल्याही मराठी घरासारखं. दारात तुळस, आत झोपाळा. पण जिन्याखाली नॉर्टन १६एच उभी होती, युद्धातली, पुढे गर्डर फोर्क असलेली. मी चप्पल काढायचंच विसरले. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचे वडील कलाभवनात शिकलेले, तेच कलाभवन जे सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं आणि जिथे दादासाहेब फाळकेही शिकले. बडोद्यातल्या किती मराठी घरांत हातोडी-कानस या एका संस्थेमुळे आली असेल, असं मला वाटत राहिलं.

"आण इकडे," काका म्हणाले. नमस्कार-चमत्कार झालाच नाही.

टॉवेल सोडून त्यांनी आर्मेचर नाकाशी धरलं. हुंगलं. मग माझं बोट धरून वाइंडिंगवर टेकवलं. चिकट लागलं, गुळाच्या पाकासारखं. "ही लाख आहे. चपडा. आपल्याकडचीच. त्या काळी तारेवर हाच लावायचे. सत्तर वर्षांनी गरम झाला की पाझरतो." मग खरा गुन्हेगार दाखवला: आर्मेचरच्या पोटातच बसवलेला कंडेन्सर. गरम झाला की गळतो, पॉइंटवर (उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या टोकांवर) नुसतं जळतं, प्लगला करंट पोचत नाही. थंड झाला की परत शहाणा.

दोन दिवस मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. जुनी तार सोडवली, केसाएवढी बारीक, काही हजार वेढे. नवीन बांधताना काका बोलत नाहीत. काकू चहा ठेवून जातात, तो गार होतो.

भांडण झालं ते कंडेन्सरवरून. काकांनी तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा आजचा कंडेन्सर काढला. मी म्हटलं, काका, मूळचा नाही का मिळणार? मला सगळं ओरिजिनल हवंय.

त्यांनी चष्मा काढला. "कागद न् पत्र्याची गुंडाळी होती ती. तीच मेली म्हणून तू इथे आलीस ने? तुला गाडी घाटात चालवायची आहे की काचेच्या कपाटात ठेवायची आहे?"

मला राग आला. खरंच आला, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांच्या नॉर्टनकडे पाहिलं तर मागची सीट काकूंसाठी रुंद करून घेतलेली, पायाला पितळी कठडा. चाळीस वर्षं दोघं तिच्यावर पावागढला जात होते. मी म्हटलं, बसवा.

मग परीक्षा. काकूंनी माळ्यावरून जुना हांडव्याचा कुकर काढून दिला, ॲल्युमिनियमचा, तळाला वाळू भरतात तो. "हा त्यांचाच आहे," काकू म्हणाल्या, "माझ्या कुकरला हात लावायची हिंमत नाही." त्यात आर्मेचर ठेवून मंद गॅसवर तापवलं. फडक्यात धरून बाहेर काढलं, मॅग्नेटोत बसवलं, काकूंनी दिवा घालवला. काकांनी हाताने एकच झटका दिला.

निळी ठिणगी. टच्च आवाज. पुन्हा झटका, पुन्हा ठिणगी. तापलेल्या आर्मेचरमधून! त्या अंधारात आम्ही तिघं किती वेळ तो खेळ बघत होतो, कोण जाणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दिवा नव्हता याचं बरं वाटलं.

लक्ष्मी विलास राजवाडा शेवटच्या दिवशी घाईत झाला. शेव-उसळ खाल्ली, तर्री झेपली नाही.

पैसे विचारले तर काकांनी तारेचे तेवढे घेतले. निघताना सिगारेटच्या कागदाचं पाकीट हातात दिलं. ठिणगीचं टायमिंग लावताना पॉइंटमध्ये हा कागद धरायचा. ज्या क्षणी सैल होऊन सरकतो, त्या क्षणी पॉइंट उघडतात. पॉइंटचा गॅप बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, हे तीनदा वदवून घेतलं.

पुढच्या रविवारी दिवे घाट. दुपारी बारा, मेचं ऊन. वर पोचल्यावर मुद्दाम बंद केली. स्पार्कचा खटका थोडा मागे, डिकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन जागेवर आणला, किक. एका किकमध्ये. काकांना फोन लावला आणि मोबाइल इंजिनाशी धरला.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

"एक्झॉस्टचा टॅपेट ढिला आहे," काका म्हणाले. "घरी गेलीस की थंड झाल्यावर बघ."