धनत्रयोदशीची पुण्यातली खरेदी : घडणावळीची सूट जाते कुठे?

‘घडणावळीवर ५० टक्के सूट’. लक्ष्मी रस्त्यावर पाऊल टाकलं की हा फलक डोळ्यांत भरतो आणि मोठी फसगत याच फलकाखाली होते. हिशेब बघा. काचेचे खडे बसवलेला १० ग्रॅमचा हार, भाव सोपा धरून ग्रॅमला १०,००० रुपये. खड्यांचं वजन ०.६ ग्रॅम, म्हणजे सोनं ९.४ ग्रॅम. पूर्ण १२ टक्के घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी लावून सरळ बिल होतं १,०८,४३८ रुपये. आता दुसरं बिल: खड्यांसकट १० ग्रॅम सोन्याच्या भावात, घडणावळ मात्र निम्मी, ६ टक्के. होतात १,०९,१८० रुपये. सूट घेऊन ७४२ रुपये जास्त! शिवाय मोडीला गेलात की तेच खडे वजनातून वजा होतात.

म्हणून बिलावर ग्रॉस (खड्यांसकट) आणि नेट (नुसत्या सोन्याचं) वजन वेगळं लिहिलेलं हवंच. ‘सिस्टीममध्ये एकच वजन येतं’ असं सांगणाऱ्या दुकानातून उठायचं, मग ते कितीही जुनं असो. काट्यावर शून्य दिसल्याशिवाय दागिना ठेवू देऊ नका, आणि वरचा पंखा बंद करायला सांगा. दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, २२के९१६ हा २२ कॅरेटचा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, भिंगातून वाचा. बीआयएस केअर अॅपमध्ये तो घातला की शुद्धता दिसते आणि वस्तू कोणती तेही दिसतं. हातात साखळी आणि अॅपमध्ये अंगठी आली तर विषय संपला. हॉलमार्कचे ४५ रुपये अधिक जीएसटी नगाला लागतात, ग्रॅमला नाही. २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही. नथ, चमकी घेताना सगळी भिस्त सराफाच्या शब्दावर, म्हणून त्या ओळखीच्या पेढीतूनच.

गाडी आणू नका. मेट्रोने मंडई स्थानकात उतरा. केरसुणी, झेंडू, लाह्या-बत्तासे मंडईत मिळतात. केरसुणी शिंदीच्या पानांची घ्या. मूठ पिळून पाहा. विणीत फट पडली तर आठवड्यात पानं गळतात. तुळशीबाग जमेल तेव्हा, तिथलं काहीही वर्षभर मिळतं.

खरा छळ लक्ष्मी रस्त्यावर, कुंटे चौक ते बेलबाग चौक. एरवी पाच-सात मिनिटांचं अंतर, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पाऊण तास धरा. २०२५ मध्ये १८ ऑक्टोबरला, शनिवारी, त्रयोदशी दुपारी बारानंतर लागली आणि तिथी लागायची वाट पाहणारे सगळे एकदम उतरले. पंचांग आदल्या दिवशीच बघा. दुपारी तिथी लागणार असेल तर दागिना आधीच पसंत करून, वजन-घडणावळ लिहून घेऊन ठेवा. त्या दिवशी फक्त पैसे देऊन उचलायचा. आणि मुहूर्ताच्या नावाखाली घाई करत असतील तर ऐकू नका. धनत्रयोदशी साडेतीन मुहूर्तांत नाही, पाडवा आहे. चार दिवसांनी शांतपणे घेतलेलं सोनं तितकंच शुभ.

भांड्यांसाठी मात्र जिवाचं रान करून कसब्यात तांबट आळीला जा. सगळ्या फेरीत पैसा वसूल होतो तो इथेच. तांब्याचा आणि पितळेचा किलोचा भाव वेगवेगळा विचारा, मजुरी वेगळी. कडी आणि बैठक लोखंडाची असेल तर तांब्याच्या भावात तोलू देऊ नका. खिशात लोहचुंबक ठेवा, लगेच कळतं. मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून केलेलं काम, उजेडात तिरकं धरून बघा. हातोडीचे ठोके ओळीने पडतात, पण प्रत्येक ठोक्याची खोली थोडी निराळी असते. सगळे खळगे एकसारखे दिसले तर ते यंत्राचं काम, त्याला हाताची मजुरी देऊ नका.

पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करायचा तर कल्हई झालेलंच घ्या, नाहीतर आमटी-कढी कळकते. कल्हई नीट झाली असेल तर आतून चंदेरी थर सलग दिसतो. काठाखालच्या वळणात बोट फिरवा: तिथे नवसागर नीट लागला नसेल तर कथील धरत नाही आणि पिवळा पट्टा उरतो. त्या दिवशी करून मागितलीत तर घाईचं काम मिळेल.

साडेचारला कसबा पेठ स्थानकातून परत निघा. यमदीप तिन्हीसांजेला दक्षिणेकडे वात करून लावायचा असतो, आणि धने-गुळाचा नैवेद्यही त्याआधी तयार हवा.