दुसऱ्या मचव्यांचं काय झालं?

मंडळीतल्या (चर्चमधल्या) मुलांना बायबल शिकवणाऱ्या स्वयंसेवकांना आम्ही नेते म्हणतो. या नेत्यांच्या प्रशिक्षणातला सरावपाठ खऱ्या मुलांसमोरच घ्यायचा, हा आमचा जुना हट्ट. मोठी माणसं मुलं बनून बसली की फार शहाण्यासारखी उत्तरं देतात. कोणी बुटाची नाडी सोडत नाही, कोणी मध्येच पाणी मागत नाही. त्या दिवशी 14 स्वयंसेवक होते, आणि पालकांच्या लेखी परवानगीने तासाभरासाठी आलेली आठ ते दहा वयाची 6 मुलं. पाठ होता बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातला (4:35-41), येशू वादळ शांत करतो तो. सुरुवात, गोष्ट, प्रश्न आणि सुवर्णवचन (मुलांनी पाठ करायचं वचन) असे चार भाग केले. चार जणांनी प्रत्येकी दहा मिनिटं घ्यायची, बाकीच्या दहा जणांनी भिंतीकडेला निरीक्षणाचा कागद घेऊन बसायचं. कागदावर तीनच रकाने: नेता किती बोलला, मुलं किती बोलली, आणि प्रश्नानंतर किती सेकंद शांतता राहिली.

गोष्ट चांगली झाली. चादरीची चार टोकं चार मुलांच्या हाती देऊन लाटा केल्या, एका मुलाला मधे उशीवर झोपवलं. उशीचा उल्लेख फक्त मार्कात आहे, हीच गोष्ट सांगणारे मत्तय आणि लूक येशू झोपला होता एवढंच सांगतात. असा एक बारकावा हाताला लागला की गोष्ट मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. अडलं ते ‘मचवा’ या शब्दाशी. मुलांना तो कळला नाही आणि सांगणाऱ्याने तो चार वेळा तसाच वापरला. असे शब्द आदल्या दिवशीच उतारा मोठ्याने वाचताना सापडतात. एकदा ‘मचवा म्हणजे होडी’ म्हटलं की पुढे खुशाल मचवा म्हणावं.

प्रश्नांचा भाग ज्या स्वयंसेवकाकडे होता, तो बोलण्यात तरबेज. दहापैकी सुमारे सहा मिनिटांत त्याने 17 प्रश्न विचारले. ‘वादळ कोणी थांबवलं?’ ‘शिष्य घाबरले ना?’ ‘आपण कोणावर विश्वास ठेवायचा?’ त्यांतल्या 14 प्रश्नांना ‘येशू’ किंवा ‘हो’ एवढं उत्तर पुरत होतं. मुलं हे फार लवकर ओळखतात. एक मुलगा तर प्रश्न संपायच्या आत ‘येशू’ म्हणत होता, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरत होता! शांततेच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकचा आकडा होता. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून हेच दाखवलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, गप्प मुलं तोंड उघडतात आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारतात.

मी मुलांच्या मागे बसून त्याला तीन बोटं दाखवली. ही खूण आधीच ठरलेली असते: प्रश्न विचार, मनात तीन मोज, मगच बोल. त्याने नवा प्रश्न टाकला, ‘या गोष्टीत काय चमत्कारिक वाटलं?’ मुलांनी अर्थातच चमत्कार सांगितला. (हा शब्द या कामात टाळावा. ‘विचित्र’ किंवा ‘न कळलेलं’ म्हणावं.) प्रश्न बदलून तो थांबला. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग तोवर एक शब्दही न बोललेल्या मुलीने विचारलं, ‘दुसऱ्या मचव्यांचं काय झालं?’

‘दुसरे मचवे? ते गोष्टीत नाहीत,’ तो म्हणाला.

मुलीच्या मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं होतं. तिने 36 व्या वचनावर बोट ठेवलं. त्याच्याबरोबर दुसरेही मचवे होते, असं तिथे स्पष्ट आहे. त्याने तयारी पाठाच्या छापील पानावरून केली होती, आणि त्या पानात हे वचन गाळलेलं होतं. तो गोंधळला आणि घाईने बोध सांगून मोकळा झाला: ‘महत्त्वाचं काय, तर विश्वास असला की भीती वाटत नाही.’ मुलीने शास्त्र मिटलं. त्यानंतर ती बोलली नाही.

मुलांना पालकांच्या हवाली केलं. ज्याचं नाव हजेरीवर ‘नेणारी व्यक्ती’ म्हणून लिहिलंय त्याच्याच, ओळखीचा चेहरा म्हणून दुसऱ्या कोणाच्या नाही. मग आम्ही पाऊण तास त्या स्वयंसेवकाच्या ‘ते गोष्टीत नाहीत’ आणि ‘विश्वास असला की भीती वाटत नाही’ या दोन वाक्यांवर घालवला. पहिल्यासाठी उपाय सोपा आहे: ‘मी ते वचन पाहिलंच नव्हतं. तुला काय वाटतं?’ त्या मचव्यांचं पुढे काय झालं हे मार्क सांगत नाही, तेव्हा नेत्यानेही ठोकून देऊ नये. दुसरं वाक्य जास्त घातक. रोज कसल्या तरी भीतीत जगणारं मूल त्यातून एवढंच ऐकतं की माझा विश्वास कमी आहे, म्हणून मला भीती वाटते. मग ते सांगेल कशाला?

पुढचं सत्र, मूल आपल्यावर होणारा त्रास सांगू लागलं तर काय करायचं याचं, मुलं असताना कधीच घेत नाही. मी मुलाच्या जागी बसते आणि म्हणते, ‘टीचर, एक सांगू? पण कोणाला सांगणार नाही ना?’ 14 पैकी 11 जणांनी लगेच शब्द दिला. तो पाळता येत नाही, म्हणून द्यायचाच नाही. ‘तुला सुरक्षित ठेवायला कदाचित एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल, पण कोणाला सांगते ते तुला आधी कळेल,’ असं म्हणायचं आणि थांबायचं. इथेही तीन सेकंद, हवे तर तीस. ‘त्यानेच मारलं ना?’ असं उत्तर तोंडात देणारं विचारायचं नाही. ‘पुढे काय झालं?’ एवढं पुरतं. शहानिशा करायची नाही, ज्याच्यावर आरोप आहे त्याला गाठायचं नाही. ‘क्षमा कर’ तर मुळीच म्हणायचं नाही. बोलायला एकांत लागतो, बंद खोली नाही. दार उघडं आणि दुसरा नेता नजरेच्या टप्प्यात.

मंडळीत एक वेगळीच गळती असते. नेता हेतू वाईट नसताना प्रार्थनासभेत ‘नाव न घेता’ विषय मांडतो, आणि उपासना संपायच्या आत सगळ्यांना घर ठाऊक झालेलं असतं. हे बजावून सांगावं लागतं. माहिती जाते फक्त बालसुरक्षेसाठी नेमलेल्या व्यक्तीकडे, त्याच दिवशी. आरोप त्या व्यक्तीवर किंवा पाळकांवरच (मंडळीच्या धर्मगुरूंवरच) असेल, किंवा मूल तातडीच्या धोक्यात असेल, तर थेट पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे.

शेवटी नोंद लिहायचा सराव घेतला. मी मुलाच्या भूमिकेत पाच वाक्यं बोलले आणि त्यांनी ती आठवून लिहायची होती: तारीख, वेळ, जागा, मुलाचे शब्द मुलाचेच, खाली सही. मी म्हटलं होतं, ‘काका आले की मी पलंगाखाली जाते.’ नऊ कागदांवर आलं, ‘मूल काकांच्या त्रासाने भयभीत आहे.’ त्रास हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. प्रश्न घेणाऱ्या त्या स्वयंसेवकाच्या कागदावर मात्र पलंग होता, आणि पुढे कंसात लिहिलं होतं: ‘इथे ती थांबली. मी काही विचारलं नाही.’ बाकीच्यांना कोरे कागद दिले आणि पाच वाक्यं पुन्हा म्हटली.