गाओकाओच्या इंग्रजीची तयारी, शेजारून पाहिलेली

चीनमध्ये विद्यापीठाच्या प्रवेशासाठी दर वर्षी ७ जूनपासून जी परीक्षा सुरू होते, तिला गाओकाओ म्हणतात. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली होती. एकूण ७५० गुणांच्या या परीक्षेत चिनी भाषा, गणित आणि परकीय भाषा यांना प्रत्येकी १५० गुण असतात. परकीय भाषा म्हणून रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते, पण बहुतेक मुले इंग्रजीच घेतात. व्यवसायानिमित्त मी झेजियांग प्रांतातल्या यिवू शहरात राहते. आमच्या शेजारच्यांची मुलगी सध्या उच्च माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षात आहे, आणि माझा सगळा दिवस इंग्रजी पत्रव्यवहारात जातो हे ठाऊक असल्यामुळे तिच्या आईने रविवारच्या दुपारी तिच्या अभ्यासाकडे जरा पाहण्याची गळ मला घातली. आठवड्यातला तेवढाच वेळ तिला शाळेतून मोकळा मिळतो.

या शेवटच्या वर्षात शाळेत जवळजवळ काहीही नवे शिकवत नाहीत. पाठ्यपुस्तके पहिल्या दोन वर्षांतच संपवलेली असतात आणि तिसरे वर्ष उजळणीच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवलेले असते. पहिल्या फेरीत शब्द आणि व्याकरण, दुसरीत प्रश्नप्रकार, आणि त्यानंतर सराव परीक्षांमागून सराव परीक्षा, असा हा क्रम असतो. सकाळचे तास सुरू होण्यापूर्वी मोठ्याने वाचण्याचा एक तास असतो, त्यात एक दिवस चिनी आणि एक दिवस इंग्रजी. रात्रीचा स्वाध्याय दहाच्या सुमारास सुटतो. या परीक्षेला लागणारे शब्द सुमारे साडेतीन हजार आहेत असे सगळेच धरून चालतात आणि त्यांची छोटी पुस्तिका प्रत्येकाच्या खिशात असते, कारण शाळेत फोन आणायला बंदी आहे. वर्गप्रतिनिधी चिनी अर्थ वाचतो, मुले इंग्रजी शब्द लिहितात आणि जो चुकेल तो पुन्हा पुन्हा लिहून काढावा लागतो. आपल्याकडे पाढे जसे अंगात भिनवतात, तशीच ही रीत आहे, आणि तिला नाके मुरडणाऱ्यांनी साडेतीन हजार शब्द दुसऱ्या कोणत्या मार्गाने एवढ्या वेळात डोक्यात बसतात ते सांगावे.

माझे कामचलाऊ इंग्रजी या पत्रिकेत फारसे उपयोगाचे नाही, हे पहिल्या दोनतीन रविवारींतच स्पष्ट झाले. पत्रिका दोन तासांची असते. श्रवणाला ३० गुण, वाचनाला ५०, रिकाम्या जागांच्या दोन प्रश्नांना मिळून ३० आणि लेखनाला ४०, अशी तिची विभागणी आहे. वाचनाच्या शेवटच्या उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात आणि खाली सात दिलेली असतात. त्यांतली दोन केवळ फसवण्यासाठी असतात. ही फसवी वाक्ये व्याकरणाने निर्दोष आणि विषयाला धरून असतात, फक्त आधीच्या वाक्याशी त्यांचा सांधा जुळत नाही. गेली अनेक वर्षे इंग्रजीतच व्यवहार करणारी मी तिथे थबकते. ती मात्र पेन्सिलीने आधीच्या वाक्यातले नाम आणि नंतरच्या वाक्यातले सर्वनाम अधोरेखित करून अर्ध्या मिनिटात उत्तर देते. तिचे बोट बरोबर जागेवर पडते, आणि तो संपूर्ण उतारा कशाविषयी होता असे विचारले तर तिला पुन्हा वाचावा लागतो.

ही पत्रिका काढणारे लोक झोपलेले आहेत असे मुळीच नाही. पूर्वी एकेका सुट्या वाक्याखाली चार पर्याय देऊन व्याकरण विचारत असत. त्या प्रश्नाची घोकंपट्टी इतकी पक्की झाली की बहुतेक प्रांतांतून तो काढून टाकला आणि त्याऐवजी सलग उताऱ्यात दहा रिकाम्या जागा ठेवून शब्दाचे योग्य रूप मुलांनीच लिहायचे असा प्रश्न आला. उताऱ्यातल्या चुका दुरुस्त करण्याचा एक प्रश्नही असे. नव्या आराखड्याच्या पत्रिकेत तोही गेला. प्रत्येक बदलामागे हेतू एकच, की पाठ करून येणाऱ्यापेक्षा वाचून समजणारा पुढे जावा. आणि प्रत्येक बदलानंतर दुसऱ्याच वर्षी त्या नव्या प्रश्नाची गाईडे आणि सरावसंच बाजारात हजर असतात. आपल्याकडच्या अपेक्षित प्रश्नसंचांवर बारावी झालेल्या मराठी माणसाला या कारखान्याचे नवल वाटण्याचे कारण नाही, फक्त इथला कारखाना फार मोठा आहे.

या ओढाताणीतला सगळ्यात चांगला डाव, माझ्या मते, कथापूर्तीचा प्रश्न हा आहे, आणि तो पहिल्यांदा खेळला गेला याच प्रांतात, ऑक्टोबर २०१६ मध्ये. सुमारे साडेतीनशे शब्दांची कथा अर्ध्यावर थांबते, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये दिलेली असतात आणि मुलांनी दीडशे शब्दांत ती पूर्ण करायची असते. याला २५ गुण आहेत. २०२२ सालच्या राष्ट्रीय पहिल्या पत्रिकेतली (अनेक प्रांतांत वापरल्या जाणाऱ्या सामायिक पत्रिकेतली) कथा आम्ही एका दुपारी सोडवली. गावाजवळच्या जंगलातून धावण्याची मोठी शर्यत आहे आणि आसपासच्या सात शाळांची मुले आली आहेत. डेव्हिड नावाचा दहा वर्षांचा मुलगा मेंदूच्या आजारामुळे इतरांसारखा चालू किंवा धावू शकत नाही, तरी त्याने या शर्यतीसाठी कसून तयारी केलेली आहे. आज मात्र तो कुंपणापाशी एकटा उभा आहे, कारण इतर शाळांची मुले हसतील या भीतीने प्रशिक्षकाने धावायचे की नाही हे त्याच्यावर सोडले आहे. पुढच्या परिच्छेदांची सुरुवात अशी दिलेली आहे: पहिल्यात निवेदक त्याच्या शेजारी बसतो पण डेव्हिड त्याच्याकडे पाहत नाही, आणि दुसऱ्यात डेव्हिड इतर धावपटूंबरोबर आरंभरेषेकडे सरकतो.

तिने पहिल्या मसुद्यात डेव्हिडला शर्यत जिंकवून दिली. शेवटी टाळ्या, मिठी, गालांवरून ओघळणारे अश्रू आणि झाडांतून येणारे सोनेरी ऊन होते. वाक्ये शुद्ध होती, क्रियापदे सरस होती, आणि त्यांतली निम्मी तिने वहीतून उचललेली होती. त्या वहीत राग, भीती, पश्चात्ताप आणि आनंद असे कप्पे पाडून प्रत्येकाखाली तयार वाक्ये उतरवलेली आहेत. मी तिला एवढेच विचारले, की जो मुलगा इतरांसारखा चालूही शकत नाही, तो सात शाळांच्या मुलांना मागे कसा टाकेल. ती म्हणाली, "मावशी, पण शेवट उंचावर न्यायचा असतो, असे बाईंनी सांगितले आहे." मग आम्ही कथा पुन्हा वाचली. त्यात अडचण शर्यतीची नाहीच, हसू होण्याच्या भीतीची आहे. त्याच्या स्वतःच्या शाळेतली मुले त्याला इतरांसारखाच मानतात हेही तिथे लिहिलेले आहे. म्हणजे सुटका व्हायची ती त्या भीतीतून, आणि ती परक्या शाळांच्या मुलांकडून व्हायला हवी. दुसऱ्या मसुद्यात डेव्हिड सगळ्यांच्या शेवटी, एकदा पडून, उठून पोहोचला आणि अनोळखी मुले कुंपणाशी उभी राहून त्याचे नाव घेत होती. तिच्या बाईंनी या मसुद्याला पहिल्यापेक्षा अधिक गुण दिले, याची इथे मुद्दाम नोंद करते, कारण शाळा फक्त साचे शिकवतात असा माझा जो ग्रह होत चालला होता, त्याला त्यामुळे थोडा आळा बसला.

हस्ताक्षराचाही एक स्वतंत्र अभ्यास असतो. उत्तरपत्रिका स्कॅन होतात आणि परीक्षक ती लेखने संगणकाच्या पडद्यावर तपासतात. प्रत्येक लेखन दोघे जण स्वतंत्रपणे वाचतात आणि दोघांच्या गुणांत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला तर ते तिसऱ्याकडे जाते. एकेका लेखनाला मिळणारा वेळ थोडाच असल्यामुळे पडद्यावर अक्षर कसे उमटते याला महत्त्व आले आहे. हबेई प्रांतातल्या हंगश्वेइ येथील शाळेच्या नावाने ओळखले जाणारे इंग्रजी अक्षर आज देशभर गिरवले जाते: ताठ, गोलसर, छापल्यासारखे, प्रत्येक अक्षराचे पोट भरलेले आणि शब्दांमधले अंतर सारखे. तिच्याकडे त्याची कित्तावही आहे आणि रोज झोपण्यापूर्वी ती त्यातले एक पान काळ्या शाईच्या अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाने भरते. तिचे आणि तिच्या मैत्रिणीचे निबंध शेजारी ठेवले तर कोणाचा कोणता ते मला ओळखता येत नाही.

लेखनातला दुसरा, १५ गुणांचा प्रश्न म्हणजे सुमारे ऐंशी शब्दांचे पत्र, आणि ते बहुतेक वेळा ली हुआ याच्या नावाने लिहायचे असते. हा काल्पनिक विद्यार्थी १९९५ पासून गाओकाओच्या पत्रिकेत वावरतो आहे. परदेशी मित्रांना बोलावणे, शिक्षकांना सल्ला विचारणे, प्रदर्शनाची माहिती कळवणे, सगळी कामे त्याची, आणि ती पार पाडली आहेत पिढ्यानुपिढ्यांच्या मुलांनी. २०२३ सालच्या राष्ट्रीय पहिल्या पत्रिकेत त्याला आपल्या परदेशी शिक्षकाला असे कळवायचे होते, की बोलण्याच्या सरावासाठी मुलांच्या दोघादोघांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पाडू नयेत, आणि त्याऐवजी काय करावे ते सुचवायचे होते. गंमत अशी की ज्या परीक्षेत हे विचारले, तिच्या बहुतेक परीक्षार्थींच्या गुणांत बोलण्याचा एकही गुण धरला जात नाही. ग्वांगडोंग, शांघाय आणि बीजिंग येथे संभाषणाची परीक्षा गुणांत मिळवतात. आमच्या प्रांतात तसे नाही. परिणामी ही मुलगी बोलण्याच्या सरावाविषयी अत्यंत सौजन्यपूर्ण पत्र लिहू शकते, आणि माझ्याकडे आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या ग्राहकाने तिला "कशी आहेस?" असे विचारले, तेव्हा ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली. यात तिचा दोष आहे असे मला वाटत नाही. ज्याला गुण नाहीत त्यासाठी वेळ काढणे शेवटच्या वर्षात कोणालाच परवडत नाही. दोष असलाच तर तो एवढ्या मोठ्या प्रांतात संभाषणाचा एकही गुण न ठेवण्याचा आहे.

झेजियांगमध्ये इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येते, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि एकदा जूनमध्ये, आणि दोहोंतले जास्त गुण धरले जातात. २०१४ साली शांघाय आणि झेजियांग येथे सुरू झालेल्या सुधारणेतून ही सोय झाली. एकाच दुपारवर सारे आयुष्य टांगलेले नसावे, हा तिचा उद्देश. प्रत्यक्षात त्यामुळे खरी धावपळ शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत येऊन बसली आहे. पालकांचा या व्यवस्थेवर किती बारीक डोळा असतो ते नोव्हेंबर २०१८ मध्ये दिसले. त्या वेळी पत्रिका कठीण गेली म्हणून काही प्रश्नांचे गुण भारित करून, म्हणजे त्यांना जास्त वजन देऊन, निकाल लावला. मुळात इंग्रजीला मिळतील तेवढेच गुण द्यायचे असा नियम असताना हे केले, त्यामुळे पालकांनी असा काही गदारोळ उठवला की प्रांत सरकारला चौकशी बसवून डिसेंबरच्या सुरुवातीला मूळ गुण पुन्हा लावावे लागले. शेजारच्या ताई ही हकीगत आजही अशी सांगतात, जणू त्या स्वतः त्या चौकशीला हजर होत्या.

श्रवणाच्या प्रश्नांमुळे या विषयाला वेळेची शिस्तही वेगळी आहे. पत्रिका दुपारी तीनला सुरू होते आणि पावणेतीननंतर आलेल्याला आत घेत नाहीत, कारण एकदा ध्वनिफीत सुरू झाली की कोणासाठी थांबत नाही. पहिली पाच संभाषणे एकदाच ऐकवतात. परीक्षाकेंद्रांच्या आसपास बांधकामे बंद ठेवतात आणि हॉर्न वाजवायला मनाई असते. आमच्या गल्लीत एरवी मालवाहू तीनचाकींचा जो कलकलाट असतो, तो त्या दुपारी खरोखरच थांबतो. त्यांच्या मुलीने तयारी मात्र उलट्या बाजूने केली: ती सरावाच्या ध्वनिफिती मुद्दाम स्वयंपाकघरात, पंखा आणि कढईचा आवाज चालू असताना ऐकते. सवय झाली की शांततेत सोपे जाते, असा तिचा हिशेब आहे, आणि तो मला पटतो.

जानेवारीचा तिचा निकाल आता आला आहे. गुण चांगले आहेत, पण तिने ज्या हांगझोऊच्या विद्यापीठावर डोळा ठेवला आहे, तिथे पाचसहा गुणांनी बराच फरक पडतो. बाईंचे म्हणणे असे, की इंग्रजी इथेच सोडून वसंतातले सगळे तास गणिताला द्यावेत, कारण तिथे वाढायला जागा आहे. वडिलांचे म्हणणे असे, की कथापूर्तीत अजून चार गुण सहज मिळतील. गेल्या रविवारी ती गणिताची वही घेऊन आली, आणि तिच्या खाली कथापूर्तीचा एक नवा संचही होता.