महालातल्या वाड्यात कागदाचा बैल

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी, पोरांच्या लाकडी बैलांचा दुसऱ्या दिवशी. चाकांच्या पाटावर उभा केलेला बैल, गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड, आणि तो ओढत दारोदार फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करणारी पोरं. त्याच दिवशी इतवारी आणि महाल या जुन्या वस्त्यांतून मारबतींची, म्हणजे ईडापीडा घालवण्यासाठी केलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी आणि कान बधिर करणारी डफडी. मी लहानपणापासून हे पाहत आलेय, पण त्यावर सिनेमा करायचं डोक्यात आलं ते एका जुन्या लाकडी बैलामुळे. त्याचं एक चाक गेलेलं होतं आणि घरातला एकही पोरगा त्याला बाहेर काढायला तयार नव्हता.

गोष्ट एवढीच. पोळ्याच्या रात्री हा बैल पाटावरून उतरतो, वाड्यातून फिरतो, झाकून ठेवलेली पुरणपोळी खातो, अंगणातली रांगोळी तुडवतो आणि बाहेर पडतो. दुसरीतला एक मुलगा त्याच्या मागे लागतो. आठ मिनिटांचा सिनेमा. वाडा खरा, मुलगा खरा, आजोबा खरे. बैल मात्र पाटावरून उतरला की हाताने काढलेला, तेलखडूच्या खरबरीत रेषेतला.

पैसे नव्हते, त्यामुळे संगणकावरचा गुळगुळीत त्रिमितीय बैल परवडला नसता हे खरंच. पण परवडला असता तरी मला तो नको होता. खरा दिसणारा बैल खऱ्या अंगणात उभा केला तर बघणारा फसतो, बस. काढलेला बैल उभा केला की बघणाऱ्याला पहिल्या क्षणापासून माहीत असतं की हे चित्र आहे, आणि तरी तो त्याला बैल मानतो. मला ते ‘तरी’ हवं होतं.

सुरुवातीला पटकथेत खऱ्या बैलाचाही एक प्रसंग होता. चौकशी केल्यावर कळलं की सिनेमासाठी जनावराकडून काही करून घ्यायचं असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते, अर्ज, पशुवैद्याचे दाखले, सगळं. नियम योग्यच आहे. मी प्रसंग काढला आणि त्या जागी फक्त तोरण, भिंतीवरची शिंगांची सावली आणि घंटांचा आवाज ठेवला. सावली पुठ्ठ्याची होती. तो प्रसंग आता आधीपेक्षा चांगला आहे.

मग हिशेब. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायची गरज नसते. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी डोळ्याला चालतं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. बैल पडद्यावर अडीच मिनिटं, म्हणजे 150 सेकंद, म्हणजे 1800 चित्रं. हा आकडा मी चित्रकार मित्राला फोनवर सांगितला तेव्हा तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “कॅमेरा हलवशील तं मी येनार नाही.”

त्याचं म्हणणं रास्त होतं. कॅमेरा हलला की मागचं अंगण प्रत्येक फ्रेमला सरकतं, आणि बैल मात्र दोन-दोन फ्रेम जागेवर थांबतो. त्यामुळे त्याचे खूर जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात. उपाय एकच, तेवढ्या शॉटसाठी फ्रेमागणिक चित्र काढायचं. काम दुप्पट. म्हणून जवळजवळ सगळा सिनेमा ट्रायपॉडवर आहे. कॅमेरा हलतो असा एकच शॉट ठेवला, मुलगा बैलामागे बोळातून पळतो तो. त्यात कॅमेऱ्याची हालचाल ब्लेंडर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजून घेतली, जमिनीवर खडूने आधीच फुल्या मारून ठेवल्या होत्या, त्यांच्या आधाराने. ब्लेंडर फुकट मिळतं आणि त्यातच चित्रंही काढता येतात. आमच्यासारख्यांचा अर्धा सिनेमा त्या एका गोष्टीवर उभा आहे.

शूटिंगला बघे जमलेच. महालात ट्रायपॉड उभा केला आणि कोणी थांबलं नाही असं होत नाही. एक काकाजी बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “ताई, कॅमेऱ्यासमोर तं काहीच नाही. काय शूटिंग करून राहिले तुम्ही?” मी सांगितलं, इथे बैल आहे, नंतर येणार आहे. ते म्हणाले, “मंग बैल आल्यावर कराव ना!”

त्यांना हसले, पण प्रश्न नेमका होता. जो अजून नाही त्याच्याकडे बघायचं कसं? मोठ्या माणसाला सांगता येतं की अमुक ठिकाणी बघ. लहान मुलाची नजर मात्र हवेत तरंगते. तो त्या दिशेला बघतो, त्या अंतरावर बघत नाही. पडद्यावर हे लगेच कळतं, कारण आपण दुसऱ्याच्या नजरेचं अंतर फार बारकाईने वाचतो. आम्ही खराट्याच्या दांड्याला लाल चेंडू बांधला आणि बैलाच्या डोळ्याच्या उंचीवर धरला. त्याहून उपयोगी पडलं ते म्हणजे आधी खरा लाकडी बैल जागेवर ठेवून मुलाला त्याच्याशी खेळू देणं, मग बैल उचलून लगेच तोच शॉट घेणं. मुलाच्या डोळ्यात बैल अजून ताजा असायचा. प्रत्येक शॉटनंतर रिकाम्या अंगणाचाही एक शॉट घ्यायचा, म्हणजे दांडा, दोरी, कोणाचा हात, जे नको ते नंतर पुसता येतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र मला बैलापेक्षा इतर वस्तूंमधून कळली. चित्र कितीही सुंदर काढा, खऱ्या जगातली एकही वस्तू त्याच्यामुळे हलली नाही तर ते वर चिकटवल्यासारखंच दिसतं. आणि एक जरी भांडं त्याच्या धक्क्याने खरंखुरं कलंडलं, तर साध्या रेघोट्यांनाही वजन येतं. म्हणून पटकथा घेऊन बसले आणि बैल जिथे जिथे आहे तिथे तो काय हलवतो हे समासात लिहीत गेले. दाराची कडी. वाळत घातलेलं धोतर. दुधाची गंजी. मुलाच्या हातातला कासरा. या सगळ्याला तंगूस, म्हणजे न दिसणारा नायलॉनचा दोरा, बांधला आणि फ्रेमच्या बाहेरून ओढला. कासरा माझा मावसभाऊ ओढायचा, आणि मुलाला कधी ओढणार ते सांगायचं नाही असं ठरलं होतं. त्या शॉटमध्ये मुलाचे पाय खरोखर फरफटले आहेत. असा अभिनय शिकवून येत नाही.

पुरणपोळीचं प्रकरण वेगळं. काढलेला बैल खरी पोळी खातो, घासागणिक पोळी कमी होते. कॅमेरा ताटावर घट्ट बांधला, एक फोटो काढायचा, कात्रीने पोळीचा तुकडा कापायचा, पुन्हा फोटो. दिवसा हे जमत नाही, कारण ढग सरकले की उजेड बदलतो आणि पोळी लुकलुकायला लागते. रात्री खिडक्यांना चादरी लावून एका बल्बवर केलं. नेहमीच्या शूटिंगलाही घरातल्या दिव्यांचा विचार करावा लागतोच. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटर सेकंदाच्या 1/50 वर ठेवलं की बहुतेक दिवे थरथरत नाहीत. पुरण मात्र दिव्याखाली सुकून तडकायला लागलं, त्याला तुपाचा हात लावत राहावं लागलं. आजी एका कोपऱ्यात बसून हे बघत होती. तिला सिनेमा, अॅनिमेशन, काही खटकलं नाही. खटकलं ते एवढंच, की पोळ्याच्या पोळीला कात्री लावली.

रांगोळीही तशीच. खुराएवढा गोल लाकडी ठोकळा कापडात गुंडाळून एकेक ठसा उमटवत गेलो, ठशागणिक फोटो. नंतर चित्रकाराने प्रत्येक ठशावर बैलाचा पाय बरोबर त्या फ्रेमला आणून टेकवला. त्यासाठी बैल चालतो कसा हे आधी ठरलेलं असावं लागतं. खरा बैल चालताना मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असे पाय पडतात. ती चाल आधी शिकून घेतली आणि मग तिच्यातून गुडघे काढून टाकले, कारण लाकडाला गुडघे नसतात. कोणीतरी सुचवलं होतं की खऱ्या बैलाचं चित्रण करून त्यावरून गिरवा. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, अमेरिकेतल्या मॅक्स फ्लायशरला तिचं पेटंट 1917 मध्ये मिळालं होतं. पण गिरवलेला बैल मांसाचा झाला असता. आमचा सागाचा होता.

पोळा-मारबतीचे दिवस पावसाळ्याचे, आणि बाहेरच्या प्रसंगाच्या संध्याकाळी पाऊस आलाच. रस्ता ओला झाला, दिवे त्यात उतरले, फ्रेम इतकी देखणी झाली की कॅमेरा बंद करवेना. चित्रकार डोक्याला हात लावून बसला. ओल्या रस्त्यात मुलगा दिसणार तर बैलाचंही प्रतिबिंब दिसलं पाहिजे. चित्र उलटं करून लावणं सोपं वाटतं, पण कॅमेरा उंचावर असेल तर पाण्यात बैलाचं पोट दिसायला हवं, पाठ नाही, म्हणजे प्रत्येक चित्र खालून पुन्हा काढायचं. म्हणून कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणला. तिथून उलटं केलेलं तेच चित्र खपून जातं. वर थोडी थरथर दिली की झालं.

मिरवणुकीच्या गर्दीत ट्रायपॉड वगैरे शक्यच नव्हतं. तिथे एका घराच्या गच्चीवरून मारबत येताना घेतली, बैल गच्चीच्या कठड्यावर बसवला. कठड्याला तो टेकतो तिथे बारीक गडद सावली दिली, ती नसती तर तो हवेत दिसला असता. सावल्यांवर चित्रकाराने बैलापेक्षा जास्त वेळ घालवला असेल. आणखी एक गोष्ट त्याने शिकवली: बैलाच्या शिंगांचा काळा रंग फ्रेममधल्या सगळ्यात गडद कोपऱ्यापेक्षा जास्त काळा ठेवायचा नाही. ठेवला की बैल काचेवर चिकटतो.

चित्रांचं काम लांबत लांबत मे महिन्यात शिरलं. आता नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि कूलरशिवाय बसणं अशक्य. कूलरची हवा ओली. कागद मऊ पडायचे, फुगायचे, पेग बारच्या, म्हणजे कागद जागेवर धरणाऱ्या पट्टीच्या, खुंट्यांवर सैल बसायचे, आणि खालून उजेड येणाऱ्या लाइट बॉक्सवर आधीच्या चित्राशी नवं चित्र जुळेना. कूलर बंद केला तर घाम कागदावर. शेवटी पहाटे आणि रात्री कागदावर, दुपारी टॅबलेटवर, अशी वाटणी झाली. ओळखीचा कोणी ना कोणी त्या काळात रोज विचारायचा की हे आता एआयकडून होत नाही का. होत असेल. पण उभ्या बैलाची रेषाही किंचित थरथरत राहावी म्हणून एकच चित्र तीनदा गिरवून आलटून पालटून लावलंय, त्या थरथरीत एका माणसाचा हात आहे, आणि मला तोच हवा होता.

आवाजाचं काम त्यामानाने लवकर झालं. खुरांसाठी खलबत्त्यातला बत्ता फडक्यात गुंडाळून वाळूच्या पोत्यावर आपटला. घुंगरं खऱ्या बैलाची. डफडीवाल्यांचं वाजवणं मिरवणुकीनंतर वेगळं ध्वनिमुद्रित केलं, त्यांना बिदागी दिली आणि वापरायची परवानगी लेखी घेतली. मुलाच्या आईवडिलांचीही घेतली. महोत्सव हे कागद मागतात. सेन्सॉरचं प्रमाणपत्र तिकीट लावून चित्रपटगृहात दाखवायचं तर लागतं. महोत्सवात दाखवण्यापुरती सूट केंद्राकडून महोत्सवच मिळवतो.

अर्ज भरताना मात्र अडलो. बहुतेक अर्जांत एका रकान्यावर खूण करावी लागते: कथापट की अॅनिमेशन. आठ मिनिटांत अडीच मिनिटं बैल, म्हणून मी कथापटावर खूण केली. चित्रकाराने खांद्यावरून वाकून पाहिलं.

“म्हणजे माझं काम गेलं कुठी?”

मी म्हटलं, श्रेयनामावलीत अॅनिमेशन म्हणून तुझं नाव आहेच ना, पूर्ण पाटी.

“ते तं खरं. पन चाललं कोन? पोळी खाल्ली कोन?”

यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. सध्या पाटी अशी आहे: भूमिका या शीर्षकाखाली आधी मुलगा, मग आजोबा, आणि तिसऱ्या ओळीत बैल, समोर त्याचं नाव. अॅनिमेशनच्या पाटीवरून त्याने स्वतःचं नाव काढायला सांगितलं. मी काढलं नाही.