मान दुखते, सुरुवात घोट्यापासून : आमची वाटचाल

पुण्यात फिजिओथेरपीची पदवी घेऊन पाच वर्षे काम केल्यानंतर यजमानांच्या नोकरीनिमित्त मी कोलोराडोत आले आणि तेथील परवाना हाती नसल्याने घरी बसले. जवळच्या बोल्डर शहरात ‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’, म्हणजे हातांनी दाब देऊन शरीराची ठेवण सुधारू पाहणारी उपचारपद्धत शिकवतात, एवढेच तेव्हा कानावर होते. ही पद्धत १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आयडा रॉल्फ यांची. १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या या बाईंनी तरुणपणी योगाभ्यासही केला होता, हे कळल्यावर मला उगाचच माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

मटण साफ करताना स्नायूंवर जो पांढुरका, चिवट पापुद्रा दिसतो, तो फॅशिया. आपल्या शरीरात तो डोक्यापासून तळपायापर्यंत सलग असतो, म्हणून एका जागेचा ताण दुसरीकडे जाणवू शकतो, अशी या पद्धतीची मूळ मांडणी आहे. ती शिकायला मी नाव घातले, तेव्हा वर्गात पहिले कितीतरी दिवस आम्ही केवळ पाहत होतो : समोरचा माणूस उभा कसा राहतो, चालताना कोणत्या पायावर भार टाकतो, श्वास घेताना बरगड्या कोठे अडतात. दुखऱ्या खांद्याकडे माझा हात सवयीने गेला की शिक्षिका तो अलगद उचलून बाजूला ठेवत. कोपर टेकवायचे, दाबायचे नाही, खालचे आवरण सैल होईल तेवढेच पुढे सरकायचे. हे जमायला मला वर्ष लागले.

दहा बैठकांचा क्रम ठरलेला असतो. पहिली श्वासासाठी, दुसरी पावले आणि घोट्यांसाठी, तिसरी दोन्ही कुशींसाठी. त्यानंतरच्या चार बैठकांत मांडीच्या आतल्या बाजूपासून जबड्यापर्यंत खोलवर काम होते आणि शेवटच्या तीन सगळे जुळवून आणण्यासाठी. भाड्याच्या एका खोलीत, एका टेबलावर सुरुवात केली तेव्हा मानदुखीने बेजार झालेले एक मराठी गृहस्थ दुसऱ्या बैठकीत म्हणाले, “अहो ताई, मान वर आहे!” महाराष्ट्र मंडळात तर “म्हणजे मालीशच ना?” हा प्रश्न अजूनही सुटलेला नाही.

एक चूक माझीही झाली. ‘फॅशिया लांबते आणि ठेवण कायमची बदलते’ असे मी पहिल्या पत्रकात छापले होते. हाताच्या दाबाने जाड फॅशिया फारशी ताणली जात नाही, असे गणित पुढे वाचनात आले. जो आराम मिळतो त्यात मज्जासंस्थेचा वाटा मोठा असावा, असे आता या क्षेत्रातले अनेकजण मानतात. ते पत्रक मी रद्दीत टाकले.

आज आमच्या दोन खोल्या आहेत आणि सोबतीला एक सहकारी आहे. रक्ताची गुठळी किंवा ताजे फ्रॅक्चर असलेल्यांना आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो. दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेत नाही. तिसऱ्या बैठकीनंतर फरक वाटला नाही, तर तेथेच थांबावे, असे पहिल्याच दिवशी सांगतो.