फ्लेमिंगो मॉनिटरवर आणताना: एफपीजीएच्या मेमरीत चित्र भरण्याचा माझा अनुभव

ऐरोलीच्या खाडीवर काढलेला फ्लेमिंगोंचा फोटो मला बेसिस-३ या एफपीजीए बोर्डातून व्हीजीए मॉनिटरवर आणायचा होता. एफपीजीए म्हणजे जिच्या आतलं सर्किट आपण कोड लिहून ठरवतो अशी चिप. कोडला हात लावण्याआधी वहीत गुणाकार मांडला. पडद्यावर ६४० × ४८० पिक्सेल, आणि बोर्ड लाल, हिरव्या, निळ्याला प्रत्येकी ४, म्हणजे पिक्सेलमागे १२ बिट देतो. झाले ३६,८६,४०० बिट. बोर्डावरच्या आर्टिक्स-७ एफपीजीए चिपमध्ये ३६ किलोबिटचे ५० ब्लॉक रॅम (चिपमधलेच मेमरीचे तयार ठोकळे) आहेत, म्हणजे १८,४३,२०० बिट. गरजेच्या बरोबर निम्मे! म्हणून चित्र ३२० × २४० चं केलं आणि एकेक पिक्सेल पडद्यावर आडवा-उभा दुप्पट दाखवायचा ठरवला.

रंग कापणं मात्र जिवावर आलं. फोटोत प्रत्येक रंगाला असलेल्या आठ बिटांतले वरचे चारच ठेवले की संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात आणि पिसांवरचा गुलाबी रंग ठिगळासारखा दिसतो. त्यावर डिदरिंगचा उपाय खरंच चांगला आहे. प्रत्येक पिक्सेलची राहिलेली चूक शेजारच्या पिक्सेलांत वाटली जाते आणि डोळ्याला छटा सलग वाटते. पायथनने हेक्स फाइल, म्हणजे सोळाच्या पायातल्या अंकांची फाइल, तयार केली. ओळीमागे एक पिक्सेल, एकूण ७६,८०० ओळी. पहिली ओळ ‘सीडीएफ’, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातलं फिकट निळं आकाश. सर्किटचं वर्णन मी व्हेरिलॉग भाषेत लिहिते; तिच्यातल्या ‘रीडमेमएच’ आज्ञेने ही फाइल मेमरीच्या ॲरेत भरली.

वागळे इस्टेटमध्ये काम करणारा माझा मामेभाऊ फोनवर म्हणाला, “अगं, सिंथेसिस झालं, म्हणजे टूलने कोडचं सर्किट केलं, की आधी युटिलायझेशन रिपोर्ट बघ, चिपमधलं काय किती वापरलं ते कळतं. ब्लॉक रॅमच्या रकान्यात शून्य असेल तर पुढे जाऊच नकोस.” त्याच्या या सल्ल्याची किंमत मोठी आहे, दादा! ब्लॉक रॅमचं वाचन क्लॉकच्या (सर्किटला ताल देणाऱ्या सिग्नलच्या) कडेवरच होतं. ते तसं लिहिलं नाही, तर टूल ब्लॉक रॅम न वापरता लुकअप टेबलांतून, म्हणजे एरवी लॉजिकसाठी असलेल्या छोट्या ठोकळ्यांतून, मेमरी रचू पाहतं.

याच क्लॉकमुळे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एका क्लॉकला मेमरीतला पत्ता दिला की पिक्सेल पुढच्या क्लॉकला मिळतो. मॉनिटरला ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारे सिंक सिग्नल तसेच सोडले तर डाव्या कडेला भलत्याच रंगाची बारीक उभी रेघ दिसते. एचसिंक, व्हीसिंक आणि ‘चित्र दिसतंय’ हा सिग्नल, तिन्ही एका रजिस्टरमधून नेऊन एक क्लॉक उशिरा सोडले की चित्र जागेवर बसतं. रॅमचं आउटपुट रजिस्टर चालू असेल तर दोन रजिस्टर लागतात.

आता नवा फोटो दाखवायला पुन्हा सिंथेसिस नको म्हणून रॅमच्या दुसऱ्या पोर्टवर यूएआरटी, म्हणजे संगणकाकडून एकामागून एक बिट घेणारी सिरियल जोडणी, जोडतेय. पिक्सेलमागे दोन बाइट धरले तर १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक चित्र भरायला साधारण १३ सेकंद लागतील. मॉनिटर चालूच असल्याने जुन्या फोटोवर नवा वरून खाली, ओळीमागून ओळ चढताना दिसेल.