उलटी जोडलेली बॅटरी: आउटबोर्डचं चार्जिंग परत आलं

दाभोळ खाडीत फिरवायच्या फायबर होडीसाठी घेतलेलं २५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आता व्यवस्थित चार्जिंग देतंय. आधीच्या मालकांनी ते देताना सांगितलं होतं, "नवी बॅटरी लावल्यापासून स्टार्टर नुसता गरगरतो, इंजिन पकडत नाही. दोरी ओढलीत की मात्र चालू होतं बघा."

मला तिथेच शंका आली. या स्टार्टरमध्ये कायमचे चुंबक असतात, त्यामुळे प्लस-मायनस उलटे झाले की तो उलटा फिरतो. उलटा फिरला की पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) वर उसळून फ्लायव्हीलच्या दात्यांत जात नाही. दोरीने इंजिन सुरू होतं, कारण सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या युनिटला) लागणारी वीज फ्लायव्हीलखालच्या वेगळ्या कॉइलमधून येते, तिला बॅटरीशी देणंघेणं नाही. बॅटरीच्या दोन्ही केबल काळ्या होत्या. प्लसवरची लाल पट्टी उन्हाने पांढरी पडलेली. त्यात आपल्याकडे बॅटऱ्या एल आणि आर अशा दोन प्रकारांत मिळतात, दोघींचे टर्मिनल एकमेकींच्या उलट बाजूंना. जुनीच्या जागी दुसऱ्या प्रकारची आली, आणि केबल पोचल्या तिथे बसवल्या गेल्या.

खरं नुकसान मात्र फ्यूजमुळे झालं. २० अँपिअरच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली निघाली. कॉइलच्या एसी विजेचं बॅटरीसाठी डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमध्ये चार डायोड असतात, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे. बॅटरी उलटी लागली की ते चारही एकदम वाहू लागतात आणि बॅटरी त्यांच्यातून शॉर्ट होते. योग्य फ्यूज असता तर तो क्षणात उडाला असता आणि बहुधा तेवढ्यावर भागलं असतं. तारेने करंट जाऊ दिला.

रेक्टिफायर सोडवून मल्टिमीटर डायोडच्या सेटिंगवर ठेवला. चांगला डायोड एका बाजूने साधारण ०.५ ते ०.६ व्होल्ट दाखवतो, दुसऱ्या बाजूने काहीच नाही. रेक्टिफायरच्या दोन हिरव्या वायरी चार्जिंग कॉइलच्या, लाल प्लसची, काळी मायनसची. एक हिरवी वायर आणि लाल यांच्यात दोन्ही बाजूंनी बीप वाजला, म्हणजे तो डायोड शॉर्ट. त्याच हिरवीपासून काळीकडे दोन्ही बाजूंनी मीटर गप्प, म्हणजे तो आतून तुटलेला. उरलेले दोन ठीक होते. बिघडलेल्या दोघांची ही जोडी फार फसवी आहे. बॅटरी सरळ लावली की स्टार्टर सुलट फिरतो, बॅटरी उतरतही नाही, आणि सगळं सुधारलं असं वाटतं. पण इंजिन चालू असताना प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्यात कॉइल शॉर्ट होत राहते. चार्जिंग नीट होत नाही, वर कॉइल तापते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की उलटी बॅटरी लागलेलं इंजिन, फ्यूज बदलला आणि स्टार्टर फिरला एवढ्यावर खाडीत नेऊ नका. आधी रेक्टिफायर काढून मोजा.

चार्जिंग कॉइल सुदैवाने शाबूत होती. दोन हिरव्या वायरींमध्ये ओहम अगदी कमी, आणि बॉडीशी संबंध नाही. नवा रेक्टिफायर बसवताना बॉडीची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, कारण त्याची उष्णता तिथूनच बाहेर जाते. पाण्याच्या पिंपात इंजिन चालवलं तेव्हा बॅटरी १२.५ वरून १३.४ व्होल्टवर गेली. खाडीत वेग दिल्यावर १४.३.

केबलही नव्या केल्या. प्लसला लाल, टोकापर्यंत. बॅटरी स्टडवाली घेतली. तिचा प्लसचा स्टड जाड आणि मायनसचा बारीक असतो, तेव्हा लग (केबलच्या टोकाच्या भोकाच्या पट्ट्या) त्या मापाचेच दाबून घेतले. मायनसचा लग आता प्लसवर चढतच नाही. अंधारात, हलत्या होडीत बॅटरी बदलताना रंगापेक्षा हे भोक जास्त भरवशाचं. फ्यूज होल्डर नवा आहे आणि दोन जादा फ्यूज त्याच्या शेजारीच टेपने चिकटवलेत.

एक गोष्ट बाकी आहे. या इंजिनाला व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर नाही, नुसता रेक्टिफायर आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना बराच वेळ जोरात चालवलं तर व्होल्ट १५ च्या पुढे जाऊ शकतात. म्हणून सील्ड न घेता पाणी घालायची बॅटरी घेतली आहे. फिशफाइंडर जोडण्याआधी रेग्युलेटरवाला रेक्टिफायर बसवायचा विचार आहे. फक्त तो या कॉइलला चालेल असा हवा, आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटरही याच हिरव्या वायरीवर चालतो, त्याचं रीडिंग बिघडता कामा नये. कुणी २५ च्या टू-स्ट्रोकवर असा बदल केला असेल तर कोणता बसवला आणि टॅकोचा काटा स्थिर राहतो का, तेवढं सांगा.